पाच हार्ड डिस्क, एक संग्रह : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

संगीताचा संपूर्ण संग्रह सध्या पाच बाह्य हार्ड डिस्कवर विखुरलेला आहे. एक डिस्क भरत आली की दुसरी घ्यायची, अशा रीतीने तो वाढत गेला. त्यामुळे एखादे ध्वनिमुद्रण नेमके कोठे आहे, हे एकेक डिस्क जोडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. काही अल्बम तीन-तीन ठिकाणी आहेत, तर काही ध्वनिमुद्रणे एकाच डिस्कवर आहेत. पहिल्या प्रकारात फक्त जागा वाया जाते. दुसऱ्या प्रकारात मात्र ती एक डिस्क बंद पडली की ध्वनिमुद्रण कायमचे जाते, आणि कोणती ध्वनिमुद्रणे या प्रकारात मोडतात याची यादी आज कोठेच नाही. हा प्रकल्प हाती घेण्याचे खरे कारण हेच आहे.

उद्दिष्ट असे ठरवले आहे की, एकही डिस्क न जोडता, कोणत्याही ध्वनिमुद्रणाबद्दल तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत : ते संग्रहात आहे का, कोणकोणत्या डिस्कवर आहे, आणि तेथील प्रत शेवटच्या तपासणीच्या वेळी धड होती का. फोल्डरांची रचना, अल्बमची मुखपृष्ठे, टॅग (फाइलीतच लिहिलेली गाणे, कलाकार वगैरे माहिती) यांचे काम या तीन उत्तरांनंतर येईल. यादी पूर्ण होईपर्यंत कोणतीही फाइल पुसायची नाही, हलवायची नाही आणि तिचे नावही बदलायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवत आहे.

५ जानेवारी

प्रत्येक डिस्कला कायमचे नाव दिले : ‘संगीत-१’ ते ‘संगीत-५’. हेच नाव डिस्कच्या व्हॉल्यूम लेबलमध्ये (संगणकात दिसणाऱ्या नावात) लिहिले आणि डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टीनेही लावले. विंडोज जोडलेल्या डिस्कला जे मोकळे अक्षर असेल ते देत असल्यामुळे आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या ‘एफ’ होऊ शकते, आणि तसे झाले की प्लेअरच्या दृष्टीने सगळा संग्रह नाहीसा होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येकीला वर्णमालेच्या शेवटाकडचे ठरावीक अक्षर नेमून दिले, म्हणजे पेन ड्राइव्ह जोडल्याने गोंधळ होणार नाही. मॅकवर डिस्क तिच्या लेबलच्या नावाने दिसते. तेथे दोन डिस्कचे नाव एकच नसले म्हणजे पुरते.

जुन्या प्लेलिस्टमध्ये फाइलींचे पूर्ण मार्ग लिहिलेले आहेत. त्या पुढे केव्हातरी सापेक्ष मार्गांच्या (प्लेलिस्ट जेथे आहे तेथून मोजलेल्या) एम३यू८ या प्लेलिस्टच्या प्रकारात बदलाव्या लागतील. आत्ता त्यांना हात लावलेला नाही.

११ जानेवारी

डिस्क तासन्‌तास वाचायला घेण्यापूर्वी तिची प्रकृती पाहणे आवश्यक होते, कारण मोडकळीला आलेल्या डिस्कवर हजारो फाइलींचे पूर्ण वाचन सुरू केले तर तेच तिचे शेवटचे काम ठरू शकते. सर्व डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या नोंदी, वाचल्या. यूएसबी खोक्यातून त्या नेहमीच मिळतात असे नाही. त्या वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रामला यूएसबीमागे साटा जोडणीची डिस्क आहे हे स्वतंत्रपणे सांगितल्यावर मिळाल्या.

पाहण्यासारख्या नोंदी मोजक्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे छोटे भाग), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, आणि १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. या तिन्ही ठिकाणी शून्य असावे. क्रमांक १९९ वाढलेला असेल, तर दोष बहुधा डिस्कच्या तबकडीत नसून जोडणीत, म्हणजे केबल किंवा खोक्यातल्या सर्किटमध्ये असतो. ‘संगीत-२’मध्ये १९७ची नोंद शून्याहून अधिक आढळली. म्हणून ठरलेला क्रम मोडून तिच्यातील सर्व मजकूर सर्वांत आधी एका मोकळ्या डिस्कवर उतरवून घेतला. यापुढे या डिस्कवर काहीही नवे लिहिले जाणार नाही.

१२ जानेवारी

फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची, नोंद. दोन डिस्क एक्सफॅट, एक एनटीएफएस, एक मॅकची एचएफएस प्लस आणि सर्वांत जुनी फॅट३२. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी वाचता आणि लिहिता येते, हे एक्सफॅटचे मोठे सोयीचे अंग आहे. मात्र तिच्यात जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद, नसते. लिहिणे चालू असताना केबल निघाली, तर नोंदी अर्धवट राहण्याची शक्यता जर्नल असलेल्या सिस्टिमपेक्षा जास्त असते, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढायची नाही, ही शिस्त या डिस्कच्या बाबतीत पाळलीच पाहिजे.

एक्सफॅट डिस्कवर मॅकने ‘टिंब-अधोरेखा’ने सुरू होणाऱ्या असंख्य छोट्या फाइली निर्माण केलेल्या दिसल्या. प्रत्येकीत मजकूर साधारण ४ केबी असतो. पण मोठ्या एक्सफॅट डिस्कवर जागा १२८ केबीच्या ठोकळ्यांनी वाटली जात असल्यामुळे प्रत्येक फाइल १२८ केबी अडवून बसते. अशा २०,००० फाइली असतील, तर अडीच जीबीहून अधिक जागा केवळ त्यांच्यासाठी जाते. यादी करताना त्या वगळायच्या आहेत, अन्यथा संगीताच्या प्रत्येक फाइलीला एक खोटी जोडीदार फाइल दिसत राहील.

फॅट३२मध्ये एका फाइलीची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी इतकी आहे. एरवी संगीतात ती आड येत नाही, परंतु २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झचे असंकुचित स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे ३४.६ एमबी जागा घेते. म्हणजे दोन तासांची सलग मैफल या मर्यादेच्या अगदी जवळ जाऊन पोहोचते. साध्या वेव्ह फाइलीतही आकाराची नोंद ३२ बिटांची असल्याने तिला हीच अडचण आहे.

१८ जानेवारी

आज यादीचा आराखडा ठरला. संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच असल्याने तो सविस्तर लिहितो.

फाइल ओळखायची कशावरून? नावावरून ओळखता येत नाही, कारण एकाच गाण्याला तीन ठिकाणी तीन नावे आहेत आणि ‘०१ ट्रॅक’ या एकाच नावाच्या शेकडो वेगवेगळ्या फाइली आहेत. मार्गावरून ओळखली, तर फोल्डर हलवताच ओळख पुसली जाते. संपूर्ण फाइलीचा चेकसम (तिच्या बाइटांवरून काढलेला खुणेचा आकडा) घेतला तर तो अचूक असतो, पण टॅगमध्ये एक अक्षर दुरुस्त केले तरी बदलतो. फाइलीतला आवाज आणि त्याभोवतीचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ध्वनिमुद्रणाची ओळख आवाजावरच आधारलेली असली पाहिजे.

फ्लॅक प्रकारात, म्हणजे आवाज न गमावता संकोचन करणाऱ्या फाइलींत, याची सोय मुळातच आहे. उलगडलेल्या आवाजाचा एमडी५ हा चेकसम प्रत्येक फ्लॅक फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत लिहिलेला असतो. तो टॅग बदलल्याने बदलत नाही आणि संकोचनाची पातळी बदलल्यानेही बदलत नाही. मेटाफ्लॅक हा प्रोग्राम तो क्षणात वाचून देतो. क्वचित एखाद्या एन्कोडरने (फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने) तो न लिहिता तेथे शून्ये सोडलेली असतात. अशा फाइली वेगळ्या काढायच्या. एमपी३मध्ये अशी नोंद नसते, म्हणून एफएफएमपेग या प्रोग्रामच्या साहाय्याने टॅग बाजूला ठेवून केवळ आवाजाच्या प्रवाहाचा चेकसम काढायचा.

म्हणून यादीत प्रत्येक फाइलीसाठी डिस्कचे नाव, सापेक्ष मार्ग, आकार, कालावधी, आवाजाचा चेकसम, संपूर्ण फाइलीचा एसएचए-२५६ हा चेकसम आणि शेवटच्या तपासणीची तारीख असे रकाने असतील. दोन चेकसमांची कामे वेगळी आहेत : आवाजाचा चेकसम ‘हे तेच ध्वनिमुद्रण आहे का’ हे सांगतो आणि संपूर्ण फाइलीचा ‘ही प्रत मी ठेवली तशीच आहे का’ हे सांगतो. यादी एसक्यूलाइट या माहितीसाठ्याच्या एका फाइलीत संगणकावर राहील आणि तिची प्रत ‘संगीत-२’ सोडून प्रत्येक डिस्कवर ठेवली जाईल.

२५ जानेवारी

वाचन चालू आहे. जुनी फॅट३२ डिस्क यूएसबी २.० प्रकारची असून सेकंदाला जेमतेम ३५ एमबी देते. या वेगाने २ टीबी वाचायला सुमारे १६ तास लागतात, तर सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या डिस्कला साडेपाच तास पुरतात. हे काम रात्रभर चालते ठेवणे सोयीचे आहे, मात्र संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था आधी करावी लागते.

फ्लॅक फाइलींच्या बाबतीत केवळ लिहिलेला एमडी५ वाचून समाधान मानलेले नाही. प्रत्येक फाइल पूर्ण उलगडून तिचा आवाज त्या एमडी५शी जुळतो का, ही चाचणीही याच फेरीत करून घेत आहे. ‘संगीत-२’मधून वाचवलेल्या काही फाइली या चाचणीत नापास झाल्या. त्यांची नावे वेगळ्या तक्त्यात नोंदवली आहेत. त्यांच्या धड प्रती इतर डिस्कवर आहेत की नाहीत, हे यादी पूर्ण झाल्यावरच समजेल.

२ फेब्रुवारी

यादी पूर्ण झाली. नापास झालेल्या बहुतेक फाइलींच्या धड प्रती ‘संगीत-४’वर मिळाल्या. ज्यांच्या मिळाल्या नाहीत, त्या सर्व बाजारात उपलब्ध असलेल्या सीडींवरून उतरवलेल्या आहेत आणि पुन्हा उतरवता येतील.

देवनागरी नावांच्या फाइलींमध्ये एक बारीक प्रश्न आढळला. ‘वाऱ्याची’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकाच संकेताने, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असतात. एचएफएस प्लस ही सिस्टिम नावे सुटी करून साठवते. तेथून एक्सफॅटवर उतरलेली फाइल आणि विंडोजवर मूळ तयार झालेली फाइल ही नावे डोळ्यांना एकच दिसतात, तरी प्रती जुळवणाऱ्या प्रोग्रामला ती दोन वेगळी वाटतात, आणि एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात. यापुढे सर्व नावे एनएफसी या जोडलेल्या रूपात ठेवायची असे ठरवले. हा नियम मराठी नावांच्या प्रत्येक संग्रहाला लागू करावा असे माझे मत आहे, कारण ‘ऱ’ असलेले शब्द आपल्याकडे पावलोपावली येतात.

८ फेब्रुवारी

दुहेरी प्रतींचे काम. ज्यांचा आवाजाचा चेकसम तंतोतंत जुळतो, त्यांच्याबद्दल विचार करावा लागत नाही. कठीण असतात त्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या फ्लॅक आणि एमपी३ प्रती, किंवा दोन वेगवेगळ्या सीडींवरून उतरवलेल्या प्रती, कारण त्यांचे चेकसम सहसा जुळत नाहीत. त्यांच्यासाठी क्रोमाप्रिंट वापरून आवाजाचे ठसे काढले. हे साधन आवाजाच्या स्वररचनेवरून ठसा तयार करते, त्यामुळे फाइलीचा प्रकार कोणताही असला तरी तेच ध्वनिमुद्रण ओळखू येते.

या साधनाची मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. ठसा सर्वसाधारणपणे पहिल्या १२० सेकंदांवरून काढला जातो. एकाच मैफलीची संपूर्ण आणि मध्येच कापलेली अशा दोन प्रती असतील, तर त्यांची सुरुवात सारखी असल्याने दोन्ही एकच ठरतात. म्हणून ठसा जुळला तरी कालावधीत काही सेकंदांहून अधिक फरक असेल, तर ती जोडी आपोआप निकालात काढायची नाही. तसेच मूळ प्रकाशन आणि नंतरचे पुनर्संस्कारित प्रकाशन यांचे ठसे बहुधा जुळतात. ऐकायला मात्र ती दोन वेगळी असतात आणि कित्येकदा जुनी आवृत्तीच अधिक मोकळी वाटते. अशा जोड्या दोन्ही ठेवायच्या.

९ फेब्रुवारी

दोन प्रतींपैकी चांगली कोणती, हे ठरवताना ‘फ्लॅक आहे म्हणजे उत्तम’ हा निकष पुरत नाही. एमपी३चे फ्लॅक करून कोणीही ठेवू शकते. एमपी३ करताना गेलेला आवाज त्याने परत येत नाही. वर्णपटाचे (कोणत्या कंप्रतेला किती आवाज आहे याचे) चित्र पाहिले, तर १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३पासून बनवलेल्या फाइलीत साधारण १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास भिंतीसारखी सरळ कड दिसते.

हा पुरावा जुन्या ध्वनिमुद्रणांना लावताना मात्र फार सांभाळावे लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेल्या गायनात उच्च कंप्रता मुळातच कमी असतात, आणि पृष्ठभागाची खरखर वरपर्यंत पसरलेली असते. अशा ठिकाणी खरखरच साक्षीदार ठरते : ती हळूहळू विरत गेली असेल तर प्रत अस्सल असण्याची शक्यता अधिक, आणि एका रेषेवर अचानक तुटली असेल तर प्रत बहुधा केव्हातरी एमपी३मधून गेलेली आहे. ज्यांच्याबद्दल शंका राहिली, त्या फाइली पुसल्या नाहीत. यादीत ‘संशयित’ अशी खूण केली. त्याहून चांगली प्रत हाती येईपर्यंत तीच प्रत मोलाची आहे.

१६ फेब्रुवारी

टॅगचे काम बरेच दिवस चालेल. क्रम महत्त्वाचा आहे : टॅग बदलले की संपूर्ण फाइलीचा चेकसम बदलतो, म्हणून अंतिम एसएचए-२५६ टॅगचे काम संपल्यावरच घ्यायचा.

जुन्या एमपी३ फाइलींच्या शेवटी आयडी३ या टॅगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती आहे. तिची लांबी अवघी १२८ बाइट, आणि त्यात नाव, कलाकार व अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवण-पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे तेथे काना-मात्रा धरून १० चिन्हे मावतात. साहजिकच सगळी मराठी नावे अर्ध्यावर तुटलेली आहेत. ही आवृत्ती काढून टाकून आयडी३ २.३ ठेवली, ज्यात यूटीएफ-१६मध्ये देवनागरी नीट राहते. फ्लॅकमधील टॅग, म्हणजे व्हॉर्बिस कॉमेंट, नेहमी यूटीएफ-८ असतात आणि रकान्यांची नावे हवी तशी देता येतात. ‘कलाकार’ आणि ‘शीर्षक’ एवढ्यावर ज्या संगीताचे वर्णन होत नाही, जेथे राग, ताल, साथीदार किंवा संगीतकार, संचालक आणि वाद्यवृंद वेगळे नोंदवावे लागतात, तेथे हे स्वातंत्र्य फार उपयोगी पडते.

प्रकाशित अल्बमसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग भरणाऱ्या प्रोग्रामने बहुतेक काम केले. अप्रकाशित ध्वनिमुद्रणांसाठी अशी कोणतीही मदत नाही. ती पूर्ण ऐकून, हाताने टॅग लिहावे लागतात. घाई करण्याचे हे काम नाही. कोणाला तरी विचारून मिळालेली माहिती आणि ध्वनिमुद्रणातच उच्चारलेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत आहे.

१५ मार्च

प्रतींची संख्या ठरवली. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी, हा प्रसिद्ध ३-२-१ नियम चांगला आहे, पण सगळ्या संग्रहाला तो एकसारखा लावण्यापेक्षा वस्तू परत मिळू शकते की नाही, यावर प्रतींची संख्या ठरवणे मला अधिक योग्य वाटते. जे अल्बम कोठेही विकत मिळतात त्यांच्या दोन प्रती पुरेत. जे प्रकाशन बंद झाले आहे त्यांच्या तीन. अप्रकाशित मैफली, घरगुती ध्वनिमुद्रणे आणि ज्यांची मूळ कॅसेट आता वाजत नाही असे सर्व, यांच्या चार प्रती असतील आणि त्यांतील एक ऑनलाइन साठ्यात कूटबद्ध करून ठेवली जाईल. आकाराने हा भाग सर्वांत लहान आहे, त्यामुळे चार प्रतींचा भार होत नाही.

कपाटात बंद ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी निवडली नाही. तिच्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो भार ओसरू शकतो. नुसत्या पडून राहणाऱ्या प्रतीसाठी हार्ड डिस्क बरी.

२२ मार्च

नवी मांडणी. एक डिस्क रोजच्या ऐकण्याची, एक्सफॅट. ती कोणत्याही संगणकाला जोडता येईल. दोन डिस्क जतनाच्या, जर्नल असलेल्या फाइल सिस्टिमच्या. जागेचा हिशेब करताना डिस्कवर छापलेली २ टीबी विंडोजमध्ये १.८१ दिसते हे लक्षात घेतले, आणि कोणतीही डिस्क ८५ टक्क्यांहून अधिक भरायची नाही असे ठरवले. फोल्डरांची नावे आखूड ठेवली, कारण विंडोजवरील अनेक प्रोग्राम संपूर्ण मार्ग २६० वर्णांच्या आत असल्याचे अजूनही गृहीत धरतात. विंडोजला न चालणारी विरामचिन्हे, जसे प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दिसणारे इंग्रजी कोलन, नावांतून काढून टाकली. टॅगमध्ये ती जशीच्या तशी आहेत.

कॉपी करताना एका नव्या पोर्टेबल डिस्कचा वेग काही वेळानंतर एकदम खाली आला. तिच्यात एसएमआर पद्धत आहे, म्हणजे चुंबकीय पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, आणि सलग मोठे लिखाण आले की डिस्कला आधीचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून मग केवळ वाचायच्या जतन-प्रतीला ती चालते, म्हणून ती त्याच कामासाठी ठेवली.

२३ मार्च

डिस्कवरून डिस्कवर नक्कल करण्याबाबत एक नियम लिहून ठेवणे अत्यावश्यक वाटते. नक्कल करणारे आरसिंक सामान्यतः आकार आणि बदलाची वेळ पाहून फाइल बदलली की नाही ते ठरवते. आतील बाइट आपोआप बिघडले, तर आकार आणि वेळ तीच राहते, आणि बिघाड लक्षातच येत नाही. यावर उपाय म्हणून चेकसमचा पर्याय लावला, तर धोका उलट दिशेने येतो : मूळ फाइल बिघडलेली आणि प्रत धड असेल, तर आरसिंक फरक ओळखते आणि बिघडलेली फाइल धड प्रतीवर लिहून मोकळी होते. कोणती बाजू खरी, हे त्या प्रोग्रामला कळण्याचा मार्गच नाही. ते फक्त आपल्या यादीला ठाऊक आहे.

म्हणून क्रम असा : प्रथम मूळ डिस्क यादीतील चेकसमांशी ताडून पाहायची, ती जुळल्यावरच नक्कल करायची, आणि नंतर प्रतही यादीशीच ताडायची. लक्ष्य डिस्कवरील जादा फाइली पुसणारा पर्याय केवळ रंगीत तालीम, म्हणजे ‘ड्राय रन’, वाचून झाल्यावर लावायचा.

२६ एप्रिल

तिन्ही नव्या डिस्कची पहिली पूर्ण पडताळणी झाली. दोन डिस्क यादीशी तंतोतंत जुळल्या. तिसरीवर एका फाइलीचा चेकसम वेगळा निघाला. फ्लॅकची चाचणीही तेथे नापास झाली, म्हणजे बिघाड टॅगमध्ये नसून आवाजातच होता. दुसऱ्या जतन-डिस्कवरील प्रत यादीशी जुळत असल्याची खात्री करून ती आणली, पुन्हा ताडली आणि यादीत तारखेसह नोंद केली. त्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी तूर्त स्वच्छ आहेत. तिची पुढील पडताळणी इतरांच्या आधी, जुलैमध्ये होईल.

दुसऱ्या जागी ठेवायची डिस्क आज पाठवली. बाकीच्यांची पडताळणी ऑक्टोबरमध्ये. ‘संगीत-२’ वापरातून काढली आहे. उरलेल्या चार जुन्या डिस्क ऑक्टोबरची पडताळणी पूर्ण होईपर्यंत आहेत तशाच राहतील. त्यानंतर त्यांपैकी ज्यांच्या स्मार्ट नोंदी शून्यावर असतील, त्या पुसून चौथ्या प्रतीसाठी घ्यायच्या आहेत.